घरात आणखी कोणाला होतं?

अक्का, त्या मंगळवारी सकाळी मी तुझी वेणी घालत होते. तू आरशातून माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "तू नीला न्हवंस." मी वेणी पुरी केली. तू म्हणालीस, "नीलाचं तोंड घिऊन आलीयास. ती कुठं हाय?" मी म्हणाले, "आत आहे."

तू गेलीस त्याला आज एकवीस दिवस झाले. भेटायला येणारे विचारतात, कधी गेल्या, कशानं गेल्या. मी तारीख सांगते, छातीत कफ झाला होता म्हणून सांगते. पण सगळं बदललं ते त्या मंगळवारी, तू जाण्याच्या दोन वर्षं आधी. त्या दिवसापासून आपल्या घरात दोन नीला राहू लागल्या. एक तुझी, जी नेहमी आतल्या खोलीत असायची. दुसरी मी.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढली. तू मला 'पुस्तकातला किडा' म्हणायचीस. किडा पान खातो तसं हळूहळू मी हे लिहिते आहे. काल दिवसभरात चार ओळी झाल्या. तू असतीस तर म्हणाली असतीस, "एवढ्यात माझ्या भाकऱ्या थापून व्हतील." तू गेल्यावर मला जितकं रडू यायला हवं होतं तितकं आलं नाही, हे तुला आधीच सांगून टाकते. रडण्यापेक्षा प्रश्नच जास्त पडले. ते तुला विचारायचे राहिले, म्हणून हे लिहिणं.

त्या मंगळवारनंतर पंधरा दिवसांनी पाहुणे आले. आपल्या मंगळवार पेठेतल्या घराची बाहेरची खोली तू कितीदा झाडलीस त्या सकाळी! मग दाराआड उभी राहून तू मला जवळ बोलावलंस. मी तुला कामवाली वाटत होते.

"ए बाई, जयसिंगपूरची मंडळी आल्याती नीलीला बघायला. तिला सांग, साडी बदल म्हणावं. निळी नको, अबोली नेस. आणि चष्मा काढून ये."

बाहेरच्या खोलीत तीन खुर्च्या आणि पंखा. तू मात्र पाच माणसं मोजलीस. दोन बायका, एक फेटेवाले, मुलगा, आणि एक तंबाखू खाणारा, ज्याच्यावर तुझं बारीक लक्ष होतं, कारण तो भिंतीवर थुंकेल असं तुला वाटत होतं. मी आत गेले. आत कोणी नव्हतं. अर्धा मिनिट उभी राहिले आणि बाहेर आले.

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"चष्मा काढणार नाही म्हणते."

तू कपाळावर हात मारलास. "पयल्यापासनं हट्टीच हाय ती. वाचून वाचून डोळं घालिवलं आणि आमच्या जिवाला घोर."

मला हसू आलं. कामवालीला हसताना बघून तूही हसलीस. मग एकदम गंभीर झालीस, माझा दंड धरलास आणि कानात म्हणालीस, "आणि तिला सांग, आप्पांचं काय बोलू नको म्हणावं त्यांच्याफुडं."

नेमकी तेव्हा ज्योती जिन्यावरून वर आली होती. तुझी मुलगी, तीन गल्ल्या पलीकडे राहणारी, बँकेतून येताना रोज तुला बघून जाणारी. तिनं पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "आजोबांचं काय गं मावशी?"

"मोतीबिंदू," मी म्हणाले. "त्यांना मोतीबिंदू होता."

ज्योती पिशवीतली भाजी काढून टोपलीत ठेवत राहिली.

ज्योतीला घेऊन डॉक्टरांकडे गेलो तेव्हाचं तुला आठवत असेल की नाही, कोण जाणे. बाकावर आपल्या शेजारी कागलकडचे एक गृहस्थ होते, बायकोला घेऊन आलेले. त्यांनीच बोलायला सुरुवात केली.

"पावणं, नंबर कितवा तुमचा?"

"अकरा."

"आमचा बारा. ही बघा, सगळं इसरली. माझं नाव इसरली, जेवली का न्हाई ते इसरली. पर कुणावर वहीम न्हाई, कुणी दिसत न्हाई. निस्ती हसती. तुमच्या ताईस्नी काय हुतंय?"

"माणसं दिसतात."

"आपली का परकी?"

उत्तर तूच दिलंस. "पावणी."

"मग बरं हाय की," ते म्हणाले. "घर भरल्यालं असतंय."

त्यांची बायको हसली. तूही हसलीस. मी त्या बाईंकडे बघत राहिले. विसरणं दोघींचंही, वयही साधारण तुझंच. ती रिकाम्या खोलीत रिकामी खोलीच बघत होती आणि तुझ्या खोलीत जयसिंगपूर येऊन बसत होतं. असं का? हा प्रश्न मला त्या बाकावर पहिल्यांदा पडला आणि त्यानं मला अजून सोडलेलं नाही.

डॉक्टरबाई तरुण होत्या. आधी त्यांनी तुझे डोळे बघितले, कान बघितले, लघवी तपासायला दिली, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं टेबलावर ओतायला लावली. कधीकधी या साध्या गोष्टींमुळेही भास होतात म्हणाल्या. मग आठवडाभरानं सगळे कागद आले आणि त्यांनी अल्झायमर हे नाव सांगितलं. मग पेन उघडून विचारलं, "घरात आणखी कोणाला होतं? विसरणं, आणि त्याबरोबर माणसं दिसणं किंवा संशय घेणं?"

तू माझ्याकडे बघितलंस. ज्योतीनंही बघितलं.

"नाही," मी म्हणाले. "वडिलांना मोतीबिंदू होता फक्त."

ज्योतीनं मान हलवली. डॉक्टरबाईंनी एक शब्द लिहिला आणि पान उलटलं.

अक्का, मी खोटं ठरवून बोलले नाही. उत्तर माझ्या तोंडातून माझ्या आधी बाहेर पडलं. चाळीस वर्षांपूर्वी तू ते माझ्याकडून पाठ करून घेतलं होतंस. कोणी विचारलं तर काय सांगायचं? मोतीबिंदू. आप्पा दारात का येत नाहीत? मोतीबिंदू. एकटेच का बोलतात? दिसत नाही नीट, त्यामुळं कुणीतरी आहे असं वाटतं. इतकं चोख उत्तर होतं ते, की आप्पांच्या डोळ्यांत काहीही दोष नव्हता हे आपणच विसरून गेलो.

तेव्हा तू निपाणीहून महिन्यातले पंधरा दिवस माहेरी यायचीस. अव्वाला एकटीला झेपत नव्हतं. आप्पांची गुळाची अडत बंद झाली होती, पण गूळ घेऊन येणारे शेतकरी यायचे थांबले नव्हते. आप्पांना ते बैठकीत बसलेले दिसायचे. "अगं, राधानगरीचं पावणं आल्यात, चहा टाक," अशी हाक यायची. अव्वा एकदा म्हणाली, "कोणी नाही हो." आप्पा इतके ओशाळले, पाहुण्यांसमोर बायकोनं असं बोलावं म्हणून, की त्यानंतर अव्वानं पुन्हा कधी तसं म्हटलं नाही. ती चहा टाकायची. कप मांडून यायची. थोड्या वेळानं आपण दोघी ते कप उचलून मागच्या पडवीत जायचो आणि पिऊन टाकायचो. कधी सहा, कधी आठ. तू म्हणायचीस, "ह्या राधानगरीकरांनी आपल्याला चहाचं येसन लावलं."

मी पंचवीसची होते. माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. घरात असं काही आहे हे कळलं असतं तर कोण आलं असतं? तेव्हा त्याला आजार म्हणत नव्हते, वेड म्हणत. आणि वेड घराण्यात असतं, हे सगळ्यांना न शिकताच माहीत होतं. तू मोतीबिंदू शोधून काढलास तो माझ्यासाठी. हे मी विसरलेले नाही.

गंमत अशी की 'घराण्यात असतं' हे ज्यांना न शिकता माहीत होतं ते अगदीच चुकीचे नव्हते, आणि अगदी बरोबरही नव्हते. मी डॉक्टरबाईंना दर खेपेला एकेक प्रश्न विचारत गेले. पुढचा रुग्ण खोळंबला आहे हे दिसत असूनही त्या उत्तर द्यायच्या. त्यांनी सांगितलं की हा आजार कोणाला होणार यात रक्ताचा काही वाटा असतो, हे बऱ्याच दिवसांपासून ठाऊक आहे. पण आजार झालेल्यांपैकी काहींनाच भास होतात, काहींनाच संशय येतो, त्यातही रक्ताचा वेगळा वाटा असावा असं दिसतं. काही घरांत ते एकापेक्षा अधिक माणसांत आढळतं.

"म्हणजे एखादा गुण वडिलांकडून आला तसा?" मी विचारलं.

"उंचीसारखा धरा," त्या म्हणाल्या. "उंची काही एका जनुकानं ठरत नाही. शेकडो जागी थोडं थोडं. वर लहानपणी खायला काय मिळालं तेही. इथं तर आम्हाला ते शेकडो अजून नीट मोजताही आलेले नाहीत. दुसऱ्या काही मानसिक आजारांतले धागे इथंही आहेत असं काहींना वाटतं, काहींना पटत नाही."

"मग तुम्हाला काय वाटतं?"

"मला माहीत नाही, मावशी."

इतकं स्वच्छ 'माहीत नाही' मी पुष्कळ दिवसांत ऐकलं नव्हतं. मला त्या बाई फार आवडल्या. पण ज्या गोष्टी मोजायच्या म्हणून ही मुलगी डोकं शिणवते आहे, त्यातली एक माझ्याजवळ होती आणि मी ती लपवली होती.

त्यांच्या विभागात अशा घरांतल्या लोकांच्या रक्ताचे नमुने जमवत होते. ज्योतीनं तुझ्या वतीनं सही केली. त्या दिवशी तू मला ओळखत होतीस. हात पुढे करून म्हणालीस, "घ्या की, रगत हाय भरपूर. पर एवढंसं घिऊन करणार काय?"

"वाचणार, आजी."

"वाचणार? मग हिला द्या. हिला वाचायचं लई येड हाय."

सगळे हसले. मी हसले नाही. तुझ्या नळीवर चिठ्ठी चिकटवताना मला ग्रंथालयातलं कपाट आठवलं. एक कार्ड चुकीच्या खणात गेलं की पुस्तक शेल्फावर असूनही हरवतं. वर्षानुवर्षं लोक मागतात आणि आपण नाही म्हणून सांगतो. तुझी नळी 'घरात कोणालाही नव्हतं' या खणात गेली.

त्यानंतर मी खूप वाचलं आणि त्यातून मला एक स्वतःचा विचार सुचला. तो बरोबर आहे की नाही ठाऊक नाही. आप्पांना शेतकरी दिसायचे, तुला वरपक्ष. समजा रक्तानं तुम्हाला दोघांना दार उघडं ठेवायची सवय दिली. पण दारातून कोण येणार हे रक्त कसं ठरवेल? ते तुमच्या आयुष्यानं ठरवलं असणार. आप्पांनी जन्मभर गूळवाल्यांची वाट बघितली आणि तू, तुझं स्वतःचं सगळं असून, वाट बघितलीस ती माझं लग्न ठरवणाऱ्या माणसांची. जुनी काळजी चाळीस वर्षं तशीच राहते का? मेंदूचा इतका भाग ओसाड होत जातो आणि ती तेवढी शाबूत कशी राहते? तू मला ओळखत नव्हतीस तेव्हाही माझ्यासाठी अबोली साडी निवडत होतीस. मला यापेक्षा नवलाची गोष्ट माहीत नाही.

तुला एक गोळी सुरू केली होती, आठवतं? तेव्हा पाहुण्यांमुळं तुला झोप नव्हती, तंबाखूवाल्याशी भांडून घसा बसला होता. डॉक्टरबाई नको नको म्हणतच देत होत्या. पाहुणे आठ दिवसांत गेले. पण तूही त्यांच्यामागून थोडी गेलीस. दिवसभर खुर्चीत, हनुवटी छातीवर. मी तुला विचारलं, "मंडळी काय म्हणाली गं शेवटी?" तू डोळे न उघडता म्हणालीस, "काय न्हाय. खाऊन पिऊन गेली." मग मीच डॉक्टरबाईंकडे जाऊन गोळी कमी करा म्हणून बसले. त्यांनी विचारलं, "माणसं दिसण्याचा त्यांना त्रास होतोय, की तुम्हाला?" मी घरी येईपर्यंत विचार केला. गोळी कमी झाली, मग बंद. पाहुणे परत आले, पण थोडे, आणि तंबाखूवाला आला नाही.

आपलं भांडण झालं ते त्यानंतरच्या चांगल्या दिवसांत. दुपारी आपण दोघी घेवडा मोडत बसलो होतो. तू मला 'नीले' म्हणूनच हाक मारत होतीस. मला वाटलं, आत्ताच बोलावं.

"अक्का, डॉक्टरांना मी आप्पांचं खोटं सांगितलं."

तू शेंगेची शीर ओढत राहिलीस. "बरं केलंस."

"बरं नाही केलं. ते लिहून ठेवतात, रक्ताशी जुळवून बघतात. आपल्या घराचा कागद चुकीचा गेला."

"जाऊंदे की. त्यांच्याकडं काय एकच कागद हाय व्हय?"

"आणि ज्योतीला? तिला कळायला नको?"

"काय कळायचं तिला? आप्पाला झालं, मला झालं, आता तुझा नंबर म्हणून? तिच्या पोरीचं लगीन व्हायचंय अजून."

मी शेंग हातातच धरून बसले. "तुला झालंय हे तुला माहीत आहे?"

"मला दिसतंय न्हवं का? ज्येला दिसतंय त्येला कळत न्हाय व्हय?"

"मग ती माणसं खरी नाहीत हे कळतं?"

"कवा कवा."

"तरी मला साडी बदलायला सांगतेस?"

"खरी असली तर?" तू म्हणालीस.

मी हातातली शेंग टोपलीत टाकली. मी म्हणाले, "तरीपण ज्योतीला सांगणार मी."

तू टोपली बाजूला सारलीस. आवाज चढला, अगदी पूर्वीसारखा. "सुम्म बस! मी सांगतो तेवढं ऐक. एकदा ह्या घरातलं बाहेर गेलं की ते आपल्या हातात ऱ्हात न्हाय. तुझ्या येळेला मी सांभाळलं का न्हाय? एक शबूद बाहेर गेला व्हता का?"

मी गप्प बसले. तुला वाटलं, तू जिंकलीस. पण अक्का, मी गप्प बसले ते वेगळ्याच कारणानं. ते आता सांगते.

एक शब्द बाहेर गेला होता. मीच घालवला होता. जयसिंगपूरचं स्थळ तुझ्या मनाप्रमाणे ठरत आलं होतं. दोन्हीकडची माणसं मिळून पन्हाळ्याला गेलो होतो. मोठी मंडळी झाडाखाली डबे उघडत होती आणि मला नि त्या मुलाला तटाकडेनं दहा मिनिटं चालून यायला सांगितलं होतं. तो शाळेत शिकवायचा. शेंगा फोडत चालला होता. दाणे मला द्यायचा आणि टरफलं स्वतःच्या खिशात ठेवायचा. मला तो आवडला. आवडला म्हणूनच मी बोलले.

"आमच्या आप्पांना माणसं दिसतात."

"कुठली?"

"नसलेली."

तो थांबला. खाली दरीत बघत राहिला. "कधीपासून?" विचारलं. मी सांगितलं. परत येईपर्यंत तो दाणे मात्र देत राहिला. आठवड्यानं पत्र आलं, योग नाही म्हणून.

तू ते पत्र वाचलंस आणि माझ्या चष्म्यावर खापर फोडलंस. "काढ म्हणत व्हते, काढला न्हाईस." मग त्या रात्रीपासून उलट सुरू केलंस, की चूक तुझीच, तूच माझ्या डोळ्यांवरून चष्मा काढून घ्यायला हवा होतास. चाळीस वर्षं तू हे अधूनमधून बोलत राहिलीस. मी एका वाक्यानं तुला मोकळं करू शकले असते. केलं नाही. तुझ्या रागाला भ्याले, हे एक. आणि दुसरं, मला वाटायचं, तुझा तो मोतीबिंदू इतक्या मायेनं विणलेला होता, तो मीच उसवला हे तुला कसं सांगू? तू मला जन्मभर एकटी राहिलेली बिचारी समजलीस. मी बिचारी नव्हते गं. मला माझी पुस्तकं होती, पगार होता, आणि शेवटची नऊ वर्षं तू होतीस. पण तुझ्या पाहुण्यांत तो मुलगा येऊन बसायचा तेव्हा मला वाटायचं, विचारावं तुला, तो कसा दिसतो आता? अजून टरफलं खिशात ठेवतो का?

तुला विचारलं नाही. हेही राहिलं.

तुला आपल्या रीतीप्रमाणे बसवून, हातात इष्टलिंग देऊन मातीत ठेवलं. दिवसकार्याची शिवगणाराधना झाली, निपाणीची माणसं परत गेली. त्यानंतरच्या रविवारी ज्योती तुझ्या साड्यांच्या घड्या घालायला आली होती. मी तिला समोर बसवलं. गेले चार दिवस मी वाक्यं जुळवत होते. ती सगळी विसरले आणि म्हणाले, "ज्योती, तुझ्या आजोबांना मोतीबिंदू नव्हता."

ती घडी घालत राहिली. "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"मावशी, मी आठ वर्षांची होते. सुट्टीला इथंच असायचे. आजी रिकाम्या बैठकीत कप मांडायची आणि तुम्ही दोघी मागं जाऊन प्यायचात. मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच असतं. एकदा शाळेत बाईंना सांगितलं तर आईनं घरी आल्यावर असा चिमटा काढला की बास."

"मग डॉक्टरांपुढं मान कशाला हलवलीस?"

"तू नाही म्हणालीस म्हणून. मला वाटलं, तुला माहीत नाही की मला माहीत आहे. आणि आई समोर बसली होती." तिनं साडी मांडीवर ठेवली आणि तिचा आवाज तुझ्यासारखा झाला. "मला आजोबांचा राग नाही. तुम्ही दोघी चाळीस वर्षं मला खुळी समजलात, त्याचा आहे. गेली दोन वर्षं मी एकटी नेटवर शोधत बसते. माझ्या पोरीला सांगू का नको म्हणून झोप नाही. तू तीन गल्ल्या पलीकडे तेच वाचत होतीस, मावशी! मला हाक मारता येत नव्हती?"

अक्का, तू म्हणाली होतीस की एकदा बाहेर गेलं की ते आपल्या हातात राहत नाही. आपल्या घरात ते आत होतं तेव्हाही प्रत्येकीच्या हातात वेगवेगळं होतं. तुझ्या, माझ्या, त्या आठ वर्षांच्या पोरीच्या. आपण तिघी एकमेकींपासून तीच गोष्ट सांभाळत राहिलो. तुझ्यावर रागवावं म्हटलं तर तू त्यात काय मिळवलंस? माझ्यासाठी चहा पीत राहिलीस, एवढंच. मी रागावू शकत नाही. पण तू बरोबर होतीस असंही मी म्हणणार नाही. आपलं भांडण तसंच राहू दे.

परवा आम्ही दोघी डॉक्टरबाईंकडे गेलो. मी सगळं सांगितलं, आप्पांचं वय, गूळवाले, किती वर्षं, शेवट कसा झाला. त्यांनी मला बोल लावला नाही. म्हणाल्या, असं पुष्कळ घरांत होतं, म्हणून तर मोजणं अवघड आहे. तुझी फाईल काढली, जुना शब्द खोडला, वर नवीन ओळ लिहिली आणि बाजूला सही केली. आप्पांची कधी तपासणी झाली नव्हती, तेव्हा 'नातेवाइकांच्या सांगण्यावरून' असंही लिहिलं. मला ते शब्द आवडले. जितकं माहीत आहे तितकंच.

ज्योतीनं विचारलं, "आम्हाला होणार का, हे आज तपासून कळतं?"

"नाही. आणि दोन माणसांवरून मी काही सांगणं बरोबर नाही. तुमच्या वडिलांकडची बाजू आहे, तुमचं स्वतःचं जगणं आहे. रक्तदाब सांभाळा, कान तपासत जा, माणसांत राहा. हे सगळ्यांनाच सांगते मी."

आम्ही दोघींनी रक्त दिलं. फॉर्मवर लिहिलं होतं की कोणाचाही वैयक्तिक निकाल कळवला जाणार नाही. ज्योतीनं ते दोनदा वाचलं आणि सही केली. घरी येताना रिक्षात मी तिला म्हणाले, "पुढंमागं मला कोणी दिसायला लागलं तर नाही म्हणू नकोस. कोण आहेत ते विचार. मला खरंच जाणून घ्यायला आवडेल." ती म्हणाली, "आणि माझं कोण विचारणार?" मग स्वतःच म्हणाली, "पोरीला सांगितलंय मी काल. ती म्हणाली, हे आधी का नाही सांगितलंस."

हल्ली मला एखादा शब्द आठवायला वेळ लागतो. वयामुळं असेल. आपल्या घरामुळंही असेल. मी त्याची वहीत नोंद ठेवते, कुठला शब्द, किती वेळ. भीती वाटते, पण तीच वही सकाळी पहिल्यांदा उघडते.

तू नाहीस. मी सदुसष्ट वर्षांची आहे, ज्योती एकोणपन्नासची, तिची मुलगी चोवीसची. आम्हाला तिघींना सगळं सारखंच माहीत आहे. पुढचं अजून कोणालाच माहीत नाही.